एनसीपीएमध्ये सिम्फनी ऐकायला जाताना

नरिमन पॉइंटच्या टोकाला एनसीपीएचं (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचं) ११०९ आसनांचं जमशेद भाभा थिएटर आहे. २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे मोठे कार्यक्रम इथे होतात. वाद्यांचा आवाज स्पीकरमधून येत नाही, थेट वाद्यांतून येतो. जागा निवडण्यापासून खोकला आवरण्यापर्यंत सगळं त्यावर ठरतं.

तिकीट काढताना अगदी पुढच्या तीन-चार रांगा सोडा. तिथे जवळची व्हायोलिन तेवढी ठळक ऐकू येतात. मागची ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न ही फुंकून वाजवायची वाद्यं त्यांच्या आड जातात. बाल्कनीच्या छताखालच्या खोल रांगांत आवाज दबतो. खालच्या मजल्याचा मधला भाग चांगला. बाल्कनीची पहिली रांग मिळाली तर आणखी उत्तम: सूर मिसळून येतात आणि कोण काय वाजवतंय तेही दिसतं. पियानो कॉन्चेर्टो (एकल पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) असेल तर मध्यापासून थोडं डावीकडे बसा, वादकाची बोटं दिसतात.

चर्चगेटहून टॅक्सी करा किंवा पंचवीसेक मिनिटं चाला. अर्धा तास आधी पोहोचा. दार बंद झाल्यावर आलेल्यांना सहसा पहिली रचना संपेपर्यंत बाहेर थांबवतात. ती ओव्हर्चर (सुरुवातीची छोटी रचना) असेल तर दहाएक मिनिटं जातात, कॉन्चेर्टो असेल तर अर्धा तास.

एसीसाठी शाल ठेवा. फोन व्हायब्रेटवर नको, बंदच करा. खोकल्याची गोळी आधीच सोलून ठेवा. कागद हळूहळू उलगडला तर कुरकुर कमी होत नाही, लांबते. खोकला आलाच तर तोंडावर जाडसर रुमाल धरा.

कॉन्सर्टमास्टर (व्हायोलिनवादकांचा प्रमुख) आला की टाळ्या होतात. मग ओबो एक सूर धरतो आणि सगळे त्यावर वाद्यं जुळवतात. तेव्हापासून गप्पा बंद.

टाळ्यांचं गणित मात्र नवख्यांना चकवतं. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक रचनेचे भाग मोजून ठेवा: कॉन्चेर्टोचे बहुधा तीन, सिम्फनीचे (पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचनेचे) बहुधा चार. भागांमधल्या शांततेत टाळ्या वाजवत नाहीत. (मोझार्टच्या काळी लोक मधेच वाजवत आणि त्याला ते आवडायचं, पण आता रिवाज बदलला आहे.) समेवर दाद द्यायची आपली सवयही इथे आवरावी लागते. नुसती मोजणीही पुरत नाही. बेथोवेनच्या पाचव्या सिम्फनीत तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो, त्यामुळे मोजणारा एक भाग मागेच राहतो. चायकोव्हस्कीच्या सहाव्यात तिसरा भाग इतका दणक्यात संपतो की निम्मं सभागृह टाळ्या वाजवतं. खरा शेवट नंतरच्या संथ भागात, विझत विझत येतो. खात्रीचा उपाय एकच: कंडक्टरचे हात पूर्ण खाली येऊन तो आपल्याकडे वळेपर्यंत थांबा.

कॉन्चेर्टो बहुधा मध्यंतराच्या आधी असतो. तो संपताच कॉफीच्या रांगेकडे पळू नका. टाळ्या टिकल्या तर एकल वादक दोन-तीनदा परत येतो आणि पुष्कळदा एखादी छोटी रचना एकट्यानेच वाजवतो. ती पत्रिकेत छापलेली नसते.