मनीला नवीन घर शोधून दिलं, माझा अनुभव

सासूबाईंचा दमा वाढला आणि आमची परळची वन रूम किचन, म्हणजे मांजराला वेगळं ठेवायला जागाच नाही, त्यामुळे तीन महिन्यांची मनी कुणाला तरी द्यायची ठरलं. पहिल्यांदा मी गाढवपणा केला, व्हॉट्सॲपवर नुसतं "क्यूट किटन, फ्री" टाकलं. तासाभरात वीस मेसेज, त्यात एकाला गोडाऊनमधले उंदीर मारायला मांजर हवं होतं. नको रे बाबा.

मग मेसेज नीट लिहिला. वय, ट्रायकॅट या मांजरांच्या लसीचे दोन डोस झाले त्याच्या तारखा, रेबीजची लस कधी, नसबंदी पाच-सहा महिन्यांची झाली की करायची हेही, आणि पहाटे चारला पायाची बोटं चावते हेसुद्धा लिहिलं, लपवलं तर आठवड्यात परत येणार ना! बोरिवलीच्या एका ताईंचा फोन आला, त्यांना आधी व्हिडिओ कॉलवर खिडक्या दाखवा म्हटलं. घर सातव्या मजल्यावर आणि ग्रिलमधून पिल्लू सहज निसटेल एवढी फट, तर जाळी बसवल्याशिवाय देणार नाही सांगितलं. चिडतील वाटलं, पण रविवारी जाळीचा फोटो आला.

कॅरियरमध्ये घालून मी स्वतः सोडून आले. सोबत तिचं नेहमीचं खाणं, तिच्या शी-शूच्या ट्रेमधली थोडी वापरलेली वाळू (लिटर) आणि तिच्या वासाचा माझा जुना टॉवेल. दोन दिवस एकाच खोलीत ठेवा म्हटलं होतं. पहिली रात्र ती पलंगाखालीच, खाल्लं काही नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंचा मेसेज, "वाटी चाटूनपुसून साफ!"

टॉवेल अजून परत मागितला नाहीये.