आठचा नट अडीच सुतावर चढवू नका: स्केटबोर्डच्या ट्रकबाबत या चुका टाळा

रविवारी सकाळी नाशिकच्या गोदाकाठावरून घरी परतताना माझ्या सॅकमध्ये कुणाचा ना कुणाचा ट्रक असतोच. ट्रक म्हणजे फळीखालचा तो धातूचा सांगाडा, ज्यावर चाकं बसतात आणि ज्याच्यामुळे बोर्ड वळतो. मुलं येतात, "ताई, जरा बघ ना, वळतच नाहीये", नाहीतर "ताई, नट निघतच नाहीये". अंबडच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे नट-बोल्टशी रोजचा संबंध. स्केटिंग 2012 पासून. इतक्या वर्षांत बिघाड मात्र तेच ते बघतेय. खरं तर ट्रक ही दणकट वस्तू आहे. नीट सांभाळला तर वरच्या फळ्या तीन-चार बदलतात आणि ट्रक तोच राहतो. पण माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त ट्रक दुरुस्तीच्या घाईत बिघडलेले असतात.

"आठचाच आहे, बसेल"

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी हीच.

पहिला बोर्ड घेऊन दोन महिने झाले होते. चाकं सारखी काढून-घालून एका नटाच्या आतलं, त्याला घट्ट धरणारं नायलॉनचं कडं झिजलं होतं आणि गंगापूर रोडला तो नट कुठेतरी गळून पडला. जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदारानं अ‍ॅक्सलला, म्हणजे चाकं बसतात त्या दांड्याला, व्हर्निअर लावलं, 7.9 मिलिमीटर भरलं. "आठचा आहे," म्हणाला आणि आठचा नट काढून दिला. नट बोटांनी दीड फेरा छान चढला, मग अडला. "नवा आहे ना, पान्यानं बसेल." मी घरी येऊन पाना लावला. हटेना, तेव्हा पान्यात पाइप घालून जोर केला. आणखी अडीच-तीन फेरे चढला आणि मग पुढेही जाईना, मागेही येईना.

बाबा सातपूरला टर्नर होते. दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेअकराला आले, हातपाय धुतले आणि जेवायच्या आधी बोर्ड मांडीवर घेतला. नटाला एका अंगानं हॅक्सॉनं काप दिला, छिन्नी ठेवून एक हलका ठोका मारला, नट उकलला. आतले आटे चघळलेल्या उसाच्या चोथ्यासारखे झाले होते. मग त्यांनी त्याच अ‍ॅक्सलचं दुसरं, चांगलं टोक दिव्याखाली धरलं आणि पिच गेजचं, म्हणजे आट्यांमधलं अंतर तपासायच्या साधनाचं, सव्वा मिलिमीटरचं पातं त्यावर टेकवलं. पात्याचे दात आणि आटे यांच्या फटीतून उजेड दिसत होता. ते पातं मिटून इंचाला 24 आट्यांचं पातं काढलं. ते दातात दात बसलं, उजेड बंद. "बघितलंस? अडीच सूत आहे हे. इंचातलं काम आहे," एवढंच बोलले आणि पानावर बसले.

गोष्ट अशी आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. स्केटबोर्डच्या अ‍ॅक्सलचं माप 5/16 इंच, म्हणजे अडीच सूत, इंचाला 24 आटे. मिलिमीटरमध्ये हा व्यास 7.94 भरतो. आणि चाकात जे 608 नंबरचं बेअरिंग असतं त्याचं भोक 8 मिलिमीटरचं असतं. त्यामुळे बेअरिंगवर 8 वाचणारा प्रत्येक जण अ‍ॅक्सलही आठचाच धरून चालतो. व्यास जवळजवळ सारखा असल्यामुळे आठचा नट सुरुवातीला चढतोसुद्धा. पण आठच्या साध्या नटाचा आटा दर 1.25 मिलिमीटरला येतो आणि अ‍ॅक्सलचा साधारण 1.06 ला. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला आटे एकमेकांवर चढतात आणि एकमेकांना कापायला लागतात. हे इंचाचं प्रकरण आलं कुठून, तर ट्रकची घडणच अमेरिकेतली. इंडिपेंडंट ही कॅलिफोर्नियाची कंपनी 1978 पासून ट्रक बनवतेय, आणि तिथला कारागीर इंचात मोजतो.

माझी सवय सांगते. नट हरवला तर दुसऱ्या चाकाचा चांगला नट काढायचा आणि तोच हातात घेऊन दुकानात जायचं. रंग आणि पाइप विकणाऱ्या दुकानात वेळ घालवू नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना नट-बोल्ट पुरवणाऱ्या दुकानात जा आणि "अडीच सूत, यूएनएफ, नायलॉन नट" असं मागा. यूएनएफ म्हणजे इंचातला बारीक आटा. हा शब्द विसरू नका, नाहीतर त्याच मापाचा जाड आट्याचा नट मिळतो. तिथल्याच एखाद्या बोल्टवर तुमचा जुना नट आधी फिरवून बघा आणि मग नवा फिरवा. काही स्वस्त, खेळण्यातल्या बोर्डांना मिलिमीटरचे आटेही असतात, म्हणून नमुना हातात असलेला बरा.

नट बसवताना नायलॉनचं कडं लागेपर्यंत तो बोटांनीच फिरला पाहिजे. त्याआधी अडला तर थांबा, उलटा काढा, आटे पुसा, सरळ धरून पुन्हा लावा. आटे थोडेच दुखावले असतील तर 5/16-24 ची डाय, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, चालवायची. तेलाचा एक थेंब टाकून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. डाय नसेल तर कुठल्याही लेथवाल्याकडे जा, पाच मिनिटांचं काम आहे. पाइप घालून जोर करणं हा ट्रकसाठी कधीच उपाय नसतो.

पान्यांचंही तेच. चाकाचा नट चार सुताचा, त्याला 13 चा पाना थोडा ढिला पण चालून जातो. किंगपिनचा, म्हणजे ट्रकच्या मधल्या जाड बोल्टचा, नट साडेचार सुताचा, म्हणजे 14.3 मिलिमीटर. त्यावर 14 चा पाना जात नाही आणि 15 चा नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. फळीच्या बोल्टचा नट तीन सुताचा, त्यावर 10 चा पाना घसरतो. हे तिन्ही एकाच टी-आकाराच्या स्केट टूलमध्ये मिळतात. तो घ्या. बोर्डावर हजारो रुपये घालायचे आणि टूलवर चिकटपणा करायचा, हे मला अजिबात पटत नाही.

बोर्ड हलतो म्हणून किंगपिन आवळणं

नवशिक्याला फळीवर पाय ठेवला की ती डुलते. त्याला वाटतं काहीतरी ढिलं आहे. मग तो किंगपिनचा नट आवळतो, दुसऱ्या दिवशी अजून आवळतो.

ते डुलणं हेच ट्रकचं काम आहे. 1863 साली जेम्स प्लिम्प्टन या अमेरिकन माणसानं चार चाकांच्या रोलर स्केटमध्ये रबरी उशी घातली, म्हणजे शरीर ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला चाकं वळतील. आजच्या ट्रकमधले दोन बुश, म्हणजे किंगपिनवर ओवलेल्या रबरासारख्या गोल उशा, तेच करतात. तुम्ही झुकता, बुश दबतो, हँगर (अ‍ॅक्सल धरणारा आडवा भाग) वळतो. बुशच आवळून दगड केला तर झुकायला जागाच उरत नाही.

गेल्या हिवाळ्यात इंदिरानगरहून एक बारा वर्षांची मुलगी बोर्ड घेऊन आली. बारीक चणीची, वजन जेमतेम तीस किलो. पडून पडून दोन्ही कोपरं सोललेली. बोर्ड वळत नव्हता, त्यामुळे ती प्रत्येक वळणाला पुढची चाकं उचलून आपटत होती. तिच्या वडिलांनी मुलगी पडू नये म्हणून, अगदी काळजीपोटी, नट शेवटपर्यंत आवळला होता. मी उघडून बघितलं. वरचा बुश मधून फुगून बाहेर आला होता आणि वायसरच्या कडेनं त्याला गोल चीर पडली होती. चिमटीत धरल्यावर त्याचा कपचाच हातात आला. बुश बदलले, नट सैल सोडला आणि तिला म्हटलं, आज फक्त उभी राहून डुल, कुठे जाऊ नकोस. अर्ध्या तासानं ती विजेच्या खांबाला वळसा घालून आली, चाकं न उचलता. तिचे वडील लांब उभे होते, काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

माझी पद्धत अशी: वायसर बोटानं फिरायचं थांबेल इथपर्यंत नट आणायचा, मग अर्धा फेरा. नवे बुश असतील तर चार-पाच दिवस हात लावायचा नाही, ते अंगवळणी पडतात. त्यानंतर हवं तर पाव-पाव फेरा. एवढं करूनही ढिलं वाटत असेल तर कडक बुश घ्या. बुशाचा कडकपणा आकड्यात लिहिलेला असतो, 78ए मऊ आणि 100ए फार कडक, नव्या ट्रकमध्ये बहुतेक वेळा 90ए च्या आसपासचे येतात. हलक्या मुलांना उलट त्याहून मऊ लागतात. आणि नट सैल करतानाही एक हद्द आहे: किंगपिनचं टोक नायलॉनच्या बाहेर, निदान बरोबरीला दिसलंच पाहिजे.

नाशिककरांसाठी खास एक गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा बुशही गारठून कडक होतात. सकाळी सहाला बोर्ड जड वाटला म्हणून नट सैल करू नका. दहा वाजता ऊन अंगावर आलं की तोच बोर्ड खाली लडबडायला लागतो.

बाकीच्या चुका

ट्रक उलटे बसवणं. दोन्ही किंगपिनचे नट एकमेकांकडे, फळीच्या मध्याकडे बघत असले पाहिजेत. दोन्ही उलटे बसवले तर तुम्ही उजवीकडे झुकाल आणि बोर्ड डावीकडे जाईल.

बारीक वायसर फेकून देणं. प्रत्येक चाकाला दोन, आतून एक आणि बाहेरून एक, एकूण आठ. "एवढंसं होतं, पडलं असेल" म्हणतात. त्याच्याशिवाय नट बेअरिंगच्या पत्र्यावर घासतो. चाकाचा नटही करकचून आवळू नका. चाक थांबेपर्यंत आवळून थोडा मागे घ्या. चाक धरून हलवलं की हलकासा टिक आवाज यायला हवा.

करकर आवाजावर तेल. हँगरचं टोक ज्या प्लास्टिकच्या वाटीत बसतं तो पिव्हट कप. तो कोरडा पडला की करकरतो आणि घरातलं शिलाई मशीनचं तेल बाहेर येतं. चार दिवस शांतता, मग त्या तेलावर सगळ्या रस्त्याची धूळ बसून पॉलिश पेपर तयार होतो. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले असताना तर विचारूच नका. मी देवघरातल्या मेणबत्तीचा कीस टाकते. कप फाटला असेल तर मात्र मेणानं काही होत नाही, नवाच घालावा.

सरकलेल्या अ‍ॅक्सलवर थेट हातोडा. बोर्ड कडेवर आपटून अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, दुसऱ्या बाजूचं चाक जाम होतं. टोकावर थेट घाव घातला तर टोक छत्रीसारखं पसरतं आणि मग कुठलाच नट चढत नाही. टोकाच्या बरोबरीनं एक जुना नट लावा, वर लाकडाचा ठोकळा ठेवा, मग ठोका. पुन्हा पुन्हा सरकत असेल तर तो हँगर संपला.

मोठी चाकं लावून तक्रार करणं. 56-58 मिलिमीटरची चाकं वळताना फळीला घासतात आणि बोर्ड जागच्या जागी थांबतो, माणूस पुढे जातो. ट्रक आणि फळीच्या मध्ये एक सुताचा रायझर, म्हणजे जाडी वाढवणारी पट्टी, घाला आणि बोल्ट 1 इंचाऐवजी सव्वा इंचाचे घ्या.

पावसात भिजलेला बोर्ड दाराआड टेकवून ठेवणं. जुलैत हे प्रत्येक घरात होतं. आल्या आल्या चाकं काढा, अ‍ॅक्सल कोरड्या फडक्यानं पुसा, आट्यांवर तेलाचं बोट फिरवा, बेअरिंग पंख्याखाली ठेवा. बुशाला तेल लागू देऊ नका. किंगपिनवर वायसरच्या खाली तांबडी रेघ दिसली तर गंज आत शिरलेला असतो, तेव्हा सगळं उघडून बघावंच लागतं.

आणि माझ्याकडे ट्रक आणणार असाल तर कृपा करून सुटा करून पिशवीत भरून आणू नका. मोडला असेल तसाच, फळीला लावलेला आणा. कुठलं वायसर कुठल्या बुशाखाली होतं आणि नट किती आवळलेला होता, हे मला डोळ्यांनी बघायचं असतं.