इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकायला सुरुवात कशी करावी?

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की वीस-वीस मिनिटांच्या रचना आणि चकवणारे ताल आठवतात, आणि बरेच जण उंबरठ्यावरूनच परत फिरतात. इटलीतल्या बँडांकडे गाण्याच्या दारातून गेलात, तर तसं होणार नाही. 1970च्या दशकात त्यांनी मेलोट्रॉन (टेपवर आधी मुद्रित केलेले सूर वाजवणारं कळपट्टीचं वाद्य), सिंथेसायझर सगळं घेतलं, पण गळा आणि भाषा आपलीच ठेवली.

पहिल्या दिवशी एकच गाणं ऐका. 'प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी' म्हणजे पीएफएम. बँड मिलानचा, नाव एका बेकरीवरून घेतलेलं. त्यांच्या 1972च्या पहिल्या अल्बममधलं 'इम्प्रेस्सिओनी दी सेत्तेंब्रे' हेडफोनवर लावा. हळुवार गिटार, हलका आवाज. दवानं भिजलेलं शेत, धुकं, सूर्य शोधणारा एकटा माणूस. एक घोडा गवताकडे मान लांबवून उभा आहे. हा एक पाऊल टाकतो आणि घोडा पळून जातो. आता ध्रुवपद येणार असं वाटतं, आणि ते येतं शब्दांशिवाय: 'मूग' नावाच्या सिंथेसायझरवर, आभाळ भरून टाकणारं. कितीही वेळा ऐकलं तरी त्या जागेला माझा श्वास अडकतोच.

दुसऱ्यांदा ऐकताना इटालियन शब्द समोर ठेवा. अर्थ नंतर पाहिला तरी चालेल. इटालियन 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांना जीभ लावून येतात, 'सेत्तेंब्रे'मधला दुहेरी 'त' आपण जोडाक्षरासारखा सहज म्हणतो. बहुतेक शब्द स्वरावर संपतात, म्हणून सूर लांबवता येतो. पीएफएमनं 1973मध्ये इंग्रजी शब्द घालून 'फोटोज ऑफ घोस्ट्स' काढला. तो चांगला आहे, पण आधी मूळ ऐका.

मग लोकसंगीत कानानं पकडा. तारांतेला हे दक्षिण इटलीचं वेगवान लोकनृत्य, बहुधा सहा-आठच्या ठेक्यातलं. दादरा द्रुत लयीत मोजून पाहा, तीन-तीनचे झोके लगेच कळतील. त्याच पहिल्या अल्बममधल्या 'ए फेस्ता'मध्ये ही जत्रेची धावपळ रॉकच्या जोरानं येते. त्यानंतर रोमच्या 'बान्को देल मूतुओ सोकोर्सो'चं 'नोन मी रोंपेते' (1973) लावा. मला झोपू द्या, स्वप्न मोडू नका, असं विनवणारं हे गाणं. फ्रांचेस्को दी जाकोमोचा ऑपेरासारखा भरदार गळा इथे किती मऊ होतो ते ऐका.

आता पूर्ण अल्बम घ्यायला हरकत नाही. शांत, बासरी-मेलोट्रॉनचं हवं असेल तर चेलेस्तेचा 'प्रिंचिपे दी उन जोर्नो' (1976). पियानो आणि भावुकता हवी असेल तर लोकांदा देल्ले फातेचा 1977चा अल्बम. व्हेनिसकडच्या ले ओर्मेचा 'फेलोना ए सोरोना' थोडा नंतर, सलग ऐका. शोधताना नावं रोमन लिपीतच टाका.

शेवटी मुळाशी जा. पीएफएमचे व्हायोलिन आणि बासरीवादक माउरो पागानी बँडमधून बाहेर पडले आणि पुढे गायक-कवी फाब्रित्सिओ दे आंद्रेबरोबर त्यांनी 1984मध्ये 'क्रेउझा दे मा' केला. हा प्रोग्रेसिव्ह रॉक नव्हे. भाषा जिनोआची बोली, वाद्यं भूमध्य समुद्राच्या काठची. पहिलं गाणं संपत आलं की बंद करू नका: जिनोआच्या बाजारातल्या मासेविक्यांच्या खऱ्या हाका त्यात ऐकू येतात.