ठाणे–वज्रेश्वरी–शिरसाड–फाउंटन: शंभर किलोमीटरची सायकल फेरी कशी करावी

माजिवड्यावरून निघायचं. कशेळी-काल्हेरमार्गे भिवंडी, तिथून वाडा रस्त्याने अंबाडी, मग डावीकडे वळून वज्रेश्वरी. पुढे तानसा नदीच्या खोऱ्यातून शिरसाड फाटा, अहमदाबाद हायवेने दक्षिणेला फाउंटन (हायवेला घोडबंदर रोड मिळतो तो नाका) आणि घोडबंदर रोडने परत माजिवडा. अंतर साधारण शंभर किलोमीटर, दोन-चार इकडेतिकडे. लांब घाट एकही नाही. पण भिवंडी सोडल्यापासून शिरसाडपर्यंत छोटे चढउतार सुटत नाहीत, आणि पाय त्यानेच जास्त थकतात.

फेरी याच दिशेने मारा. घोडबंदरकडून सुरुवात केली तर मोठी वळणं सगळी उजवीकडची येतात आणि शिरसाडला ट्रेलरच्या गर्दीतून हायवे ओलांडावा लागतो. भिवंडीकडून गेलात की अंबाडी, शिरसाड आणि फाउंटन ही तिन्ही वळणं डावीकडची. दुसरं कारण वाऱ्याचं. हिवाळ्यात पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, तो अंबाडी-शिरसाड टप्प्यात पाठीशी राहतो. ऊन चढल्यावर वारा फिरतो आणि समुद्राकडून येऊ लागतो, तेव्हा तुम्ही घोडबंदर रोडवर पूर्वेकडे तोंड करून असता. तिसरं भिवंडीचं. हे गोदामांचं गाव सकाळी सातनंतर सायकलवरून पार करणं म्हणजे डोक्याला ताप. रविवारी पाचला निघालात की ते झोपेत असतानाच मागे पडतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. डिसेंबरमध्ये सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिले दोन तास अंधाराचे. मागचा लाल दिवा आणि पुढे खड्डा दाखवेल असा दिवा, दोन्ही हवेतच. फक्त लुकलुकणारा पुढचा दिवा इथे कामाचा नाही. पावसाळ्यात हिरवाई कितीही खुणावली तरी वाडा रस्त्यावर जाऊ नका. पाण्याने भरलेला खड्डा दोन इंचांचा आहे की सहा, हे चाक आत गेल्यावरच कळतं.

सायकलीत सगळ्यात महत्त्वाचा टायर. 25 मिमीचे टायर या रस्त्याला नकोत, किमान 28, फ्रेममध्ये बसत असतील तर 32. सत्तर किलोच्या माणसाने 28 ला 70 ते 75 पीएसआय आणि 32 ला 55 ते 60 हवा ठेवावी, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा पाचेक जास्त. काहीजण शंभर भरतात. तेवढ्या हवेत सायकल खडीवर नुसती उड्या मारते. पन्नासच्या खाली उतरलात तर 28 च्या टायरमध्ये खड्ड्याच्या कडेला ट्यूब रिमखाली चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. गिअर पुढे 50/34 दातांचे आणि मागे 11 ते 32 दातांचे असले तर गायमुखपर्यंत कुठेही उतरावं लागत नाही.

सोबत दोन ट्यूब, टायर लिव्हर, पॅच, छोटा पंप आणि एक साधा चिमटा घ्या. चिमटा यासाठी की या मार्गावरचे बरेचसे पंक्चर खिळ्याने होत नाहीत. ट्रकचे टायर फुटून विखुरतात, त्यातल्या केसासारख्या पोलादी तारा शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, पडलेल्या असतात. तार टायरमध्ये आडवी शिरते, बाहेरून दिसत नाही, बोटालाही लागेलच असं नाही. ती न काढता नवी ट्यूब घातली की पाच किलोमीटरवर पुन्हा बसलात. म्हणून ट्यूब काढताना व्हॉल्व्ह टायरच्या छापील नावाशी जुळवून ठेवा. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, ते व्हॉल्व्हपासून किती लांब आहे ते बघा आणि टायर आतून नेमका तिथेच उलटा करून तपासा. कापसाचा बोळा किंवा जुना मोजा आतून फिरवला की तारेत धागा अडकतो, मग चिमट्याने ओढून काढायची.

प्रेस्टा (सायकलचा बारीक, लांब) व्हॉल्व्ह असेल तर छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे प्रेस्टाचा पंप नसतो, पण अडॅप्टर लावला की त्याचा कॉम्प्रेसर चालतो. मात्र तो ट्रकसाठी असतो. एकेक सेकंदच हवा सोडायला सांगा आणि दर वेळी टायर दाबून बघा, नाहीतर ट्यूब फुटलीच.

आता रस्ता. कशेळीला उल्हास नदी ओलांडली की काल्हेर, मग अंजूर फाटा. मेट्रोच्या कामामुळे हा भाग उखडलेला, वर वाळू आणि लोखंडी पत्रे. ओल्या पत्र्यावर ब्रेक किंवा वळण दोन्ही नको. साष्टी पोर्तुगीजांकडून सोडवण्यासाठी पेशव्यांकडे धाव घेणारे गंगाजी नाईक याच पट्ट्यातल्या अंजूरचे. अंजूर फाट्यावरून डावीकडे खारबाव-कामण-चिंचोटी रस्ता फुटतो. नकाशात तो फार जवळचा वाटतो, पण ट्रकने खचलेला आणि अरुंद आहे. सोडून द्या आणि सरळ भिवंडीत शिरा.

वंजारपट्टी नाका, नदीनाका करून वाडा रस्त्याला लागायचं. कवाड, अनगाव, दुगाड फाटा, अंबाडी. अंजूर फाट्यापासून अंबाडी साधारण चोवीस किलोमीटर. काँक्रीट आणि जुनं डांबर आलटून पालटून येतं. जिथे एक संपून दुसरं सुरू होतं तिथे उंचीचा फरक हमखास असतो, तेव्हा अंधारात वेग आवरा. वीटभट्ट्यांचे ट्रॅक्टर विटांचे तुकडे सांडत जातात. गावांतले स्पीडब्रेकर बहुधा बिनरंगाचे. घरं दिसू लागली की ते आहेत असंच धरून चाला. कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका, उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा. दुगाडला डिसेंबर 1780 मध्ये मराठे आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली. वसईला मदत पोहोचवू पाहणारे मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश त्यात पडले. या परिसरावर गुमताऱ्याचा डोंगर उभा आहे.

अंबाडी नाक्याला डावीकडे वळलात की ट्रक एकदम कमी होतात. सहाएक किलोमीटरवर वज्रेश्वरी. देवळाला किल्ल्यासारखा तट आहे आणि बावन्न पायऱ्या चढाव्या लागतात. वसई घेण्याआधी चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, मे 1739 मध्ये वसई पडली आणि त्यानंतर हे देऊळ उभं राहिलं. पायऱ्या चढणार असाल तर क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट खालीच काढा, घासलेल्या दगडावर ते बर्फासारखे घसरतात. अकलोलीची गरम पाण्याची कुंडं जवळच आहेत, पण अर्ध्या फेरीत गरम पाण्यात पाय सोडून बसू नका. पाय सैल पडतात आणि पुढचे साठेक किलोमीटर जड जातात. कुंडात डुंबायचंच असेल तर त्यासाठी वेगळा दिवस काढा.

खायचं इथेच, कारण पुढे शिरसाडपर्यंत हॉटेलं तुरळक. पोहे किंवा इडली ठीक. तर्रीदार मिसळीचा मोह टाळा, ती पारोळपर्यंत वर येत राहते. खिशात केळी, शेंगदाण्याची चिक्की, गूळ. 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या, तासाला निदान अर्धा लिटर पाणी आणि ऊन चढल्यावर एका बाटलीत ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलेलं असतं, म्हणून 750 च्या बाटलीत पाऊण पाकीटच घाला.

वज्रेश्वरी ते शिरसाड, उसगाव, पारोळ, मांडवी या गावांतून जाणारे वीसेक किलोमीटर हे या फेरीचं खरं बक्षीस. डावीकडे तुंगारेश्वरचे डोंगर, उजवीकडे तानसेचं खोरं, भातखाचरं, मधूनच पाडे. चढ छोटे आणि एकामागून एक. प्रत्येक चढावर उभं राहून जोर लावला तर मांड्या हायवेआधीच संपतात. चढ लागायच्या आधी गिअर हलका करा, बसूनच मारा. चढाच्या मध्यावर, चेनवर पूर्ण भार असताना पुढची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) बदलली की चेन उतरते.

शिरसाडपासून फाउंटनपर्यंत पंचवीसेक किलोमीटर निव्वळ हायवे. काँक्रीटची कडा शोल्डरपेक्षा बऱ्याच जागी उंच आहे. तिरक्या चाकाने ती चढायला गेलात तर पुढचं चाक कडेला घासत राहतं आणि माणूस आडवा होतो, तोही ट्रकच्या बाजूला. शोल्डरवर उतरलात तर तिथेच राहा. परत वर यायचंच असेल तर थांबून सायकल उचला. विरार फाटा, वसई फाटा, चिंचोटी इथे सर्व्हिस रोडवरून उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी आणि रिक्षा गृहीत धरा. इथे दम संपला तर फाट्यावर छोटा हत्ती (छोटा टेम्पो) मिळतो. निघताना पाकिटात त्याच्या भाड्यापुरते रोख पैसे असू द्या.

वसई खाडीचा पूल उतरला की डावीकडेच राहा, घोडबंदर रोड डावीकडे वळतो. घोडबंदर किल्ला बघायचा तर हायवे ओलांडून पश्चिमेला घोडबंदर गावात जावं लागतं. पोर्तुगीजांचा हा किल्ला मराठ्यांनी 1737 मध्ये घेतला. पाय शिल्लक असतील तरच जा.

शेवटी काजूपाड्यावरून गायमुख घाट. चढ मोठा नाही, पण एखादा ट्रक बंद पडला की मागे रांग लागते आणि दुचाक्या डाव्या फटीत घुसतात. अशा वेळी रांगेतच थांबा. ट्रक चढावर सुटताना आधी थोडा मागे सरकतो, म्हणून त्याच्या मागे गाडीभर अंतर ठेवा. उतारावर वळणाआधी ब्रेक मारून घ्या, वळणात नको. सांडलेलं डिझेल बहुधा वळणाच्या आतल्या बाजूलाच असतं. भाईंदरपाडा आला की मुख्य रस्ता सोडून सर्व्हिस रोड धरा, आणि कासारवडवलीपासून माजिवड्यापर्यंत उभ्या गाड्यांच्या दारांपासून हातभर लांब चालवा.