पक्षकार वारला आणि मधल्या ऑर्डरवर अपील करायचंय? मग या क्रमाने जा

दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो, त्यामुळे मधेच वादी नाहीतर प्रतिवादी वारणं काही नवीन नाही. त्याच सुमारास कोर्टाने एखादी मधली ऑर्डर दिलेली असते, मनाईचा अर्ज फेटाळला, दावा दुरुस्तीला नाही म्हटलं, असं काहीतरी, आणि घरचे विचारत बसतात की माणूसच गेला, आता अपील कोण करणार. तर ऑर्डर मुळात अपील होण्यासारखी असेल आणि दाव्याचा हक्क वारसांकडे येत असेल तर माणूस गेला म्हणून अपील बंद होत नाही, वारस करू शकतात. अडतं ते ऑर्डरच्या प्रकारावर आणि तारखांवर. (फौजदारीचे नियम वेगळे आहेत, इथे फक्त दिवाणी.)

१. आधी तारखा लिहून काढा

मृत्यूची तारीख, ऑर्डरची तारीख, आणि दावा तेव्हा कुठल्या टप्प्यावर होता, हे एका कागदावर मांडा. सुनावणी पूर्ण होऊन नुसता निकाल बाकी असताना पक्षकार वारला असेल तर दावा अबेट होत नाही (म्हणजे मृत्यूमुळे आपोआप बंद पडत नाही), निकाल तो जिवंत असताना दिल्यासारखाच धरला जातो. इतर टप्प्यांवर मात्र पुढचं सगळं लागू.

हक्क टिकतो का हेही इथेच बघा. जमीन, घर, पैसे, करार यांचे दावे टिकतात. बदनामीची भरपाई मागणारा वादीच गेला तर सहसा दावा त्याच्याबरोबर संपतो.

२. वारस रेकॉर्डवर घ्या

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ चा आदेश २२ इथे लागतो. वादी गेला तर नियम ३, प्रतिवादी गेला तर नियम ४. मृत्यूपासून ९० दिवसांत अर्ज द्यायचा, सोबत मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण तलाठ्याकडे वारस नोंद झाली, ७/१२ वर नावं चढली की त्यांना वाटतं कोर्टात पण झालं. नाही होत. महसूलचा फेरफार आणि कोर्टाचं रेकॉर्ड यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, कोर्टात वेगळा अर्ज द्यावाच लागतो. आणि उलटं पण खरं, नुसतं रेकॉर्डवर यायला वारस दाखला काढत बसायची सहसा गरज नसते, त्या नादात ९० दिवस निघून जातात.

समोरचा गेलाय हे तुम्हाला कळलंच नाही असंही होतं. त्यासाठी नियम १०अ आहे, मयताच्या वकिलाला माहिती मिळाली की त्याने कोर्टाला कळवायचं असतं, सहसा तो तशी पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देतो. रोजनामा (दाव्याच्या प्रत्येक तारखेची कोर्टातली नोंद) वाचत राहा, ही पुरसिस कधी आली ते पुढे विलंब माफीत फार कामाला येतं. समोरच्याने लेखी कैफियतच दिली नव्हती किंवा हजर होऊन दावा लढवला नव्हता तर नियम ४(४) खाली वारस घेण्यातून सूट मागता येते, पण ती निकालाआधी मागा.

३. ९० दिवस उलटले असतील तर

दावा आपोआप अबेट होतो. जज साहेबांनी तशी ऑर्डर केलीच नाही म्हणून दावा चालू आहे, असं नसतं. पुढचे ६० दिवस, म्हणजे मृत्यूपासून साधारण १५० व्या दिवसापर्यंत, अबेटमेंट रद्द करायचा अर्ज विलंब माफीशिवाय देता येतो. त्यानंतर मात्र मुदत कायद्याचं कलम ५ लावून उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं. म्हणजे उशीर झाला असेल तर तीन मागण्या: विलंब माफ करा, अबेटमेंट रद्द करा, वारस घ्या. सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये म्हटलंय की वारस घेण्याच्या मागणीतच अबेटमेंट रद्द करण्याची मागणी धरता येते, पण त्या भरवशावर अर्ज अर्धवट ठेवू नका, तिन्ही स्पष्ट लिहा.

४. तुमची ऑर्डर अपीलवाली आहे का

प्रत्येक मधल्या ऑर्डरवर अपील नसतं. यादी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०४ आणि आदेश ४३ नियम १ मध्ये आहे, त्यात नसेल तर अपील नाही. मनाई हुकुमावरची ऑर्डर यादीत आहे. अबेटमेंट रद्द करायला नकार दिला तर तेही आहे. पण अबेटमेंट रद्द *केली* तर त्यावर समोरच्याला अपील नाही! कायदा इथे मुद्दाम एकाच बाजूने झुकलाय, आणि मला ते बरोबर वाटतं, दावा मरण्यापेक्षा चाललेला बरा.

खरा वारस कोण असा वाद झाला तर कोर्ट आदेश २२ नियम ५ खाली ठरवतं. ती ऑर्डर यादीत नाही, मग बहुतेक वेळा हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम २२७ खाली रिट याचिका. त्यात हरलात तरी मिळकतीवरचा मालकी हक्क गेला असं समजू नका, तो निर्णय फक्त हा दावा कोण चालवणार एवढ्यापुरता असतो. रिव्हिजनचा (हायकोर्टाकडून ऑर्डर तपासून घेण्याचा) रस्ता २००२ च्या दुरुस्तीनंतर फार अरुंद झालाय, ऑर्डर उलटी लागली असती तर दावाच निकाली निघाला असता अशाच ठिकाणी चालतं.

दावा दुरुस्ती नाकारली, कागद दाखल करू दिला नाही, अशा ऑर्डरी यादीत नसतात, पण त्या कायमच्या गिळायच्या असं पण नाही. संहितेच्या कलम १०५ मुळे शेवटच्या हुकूमनाम्यावर (डिक्रीवर) अपील करताना हा मुद्दा उचलता येतो, वारसांना सुद्धा.

५. अपील कोणाच्या नावाने

ऑर्डर झाली आणि अपील करायच्या आधीच पक्षकार गेला, तर वारस संहितेच्या कलम १४६ च्या आधारे स्वतःच्या नावाने अपील करतात, मयताच्या नावाने नाही. नवीन वकीलपत्र वारसांच्या सहीचं लागतं. समोरचा गेला असेल तर अपीलमध्ये थेट त्याच्या वारसांना सामील करा, मेलेल्या माणसाविरुद्ध अपील टाकलं की पहिल्याच तारखेला हरकत येते. अपील चालू असताना कोणी गेलं तर नियम ११ प्रमाणे पुन्हा आदेश २२ आणि तेच ९० दिवस. मूळ दावा खालच्या कोर्टात चालूच असेल तर तिथेही अर्ज द्या, वर दिला म्हणून खाली सोडू नका.

अपीलची मुदत जिल्हा कोर्टात ३० दिवस, हायकोर्टात ९०. ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी मिळायला लागलेला वेळ वजा होतो, म्हणून नकलेचा अर्ज ऑर्डर झाल्या झाल्याच टाका, वारसांचे कागद नंतर गोळा होतील.