दुबईची डेझर्ट सफारी: जेवण रात्रीचं, पण सांभाळायचं दुपारचं

आमच्या परळच्या बिल्डिंगमधून या वर्षी अजून दोन घरं दुबईला चाललीत आणि दोघांचाही पहिला प्रश्न तोच, की सफारीत व्हेज मिळतं का. मिळतं हो. पण खरी भानगड रात्रीच्या जेवणाची नाहीच, दुपारच्या जेवणाची आहे.

गाडी हॉटेलवर साधारण अडीच-तीनला येते (तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, मोबाईलचं बदलेल, मनगटावरचं तुम्ही बदला) आणि तासाभरात वाळवंट सुरू होतं. मग लँड क्रूझर टेकड्यांवरून वरखाली आपटत नेतात, त्याला ड्यून बॅशिंग म्हणतात, वीस-पंचवीस मिनिटं चालतं. आमच्या मावशीला बर दुबई भागात गुजराती थाळी सापडली, त्यात बासुंदी, त्यात आग्रह करणारा वाढपी, म्हणजे बघायलाच नको. तिसऱ्या टेकडीला सगळं बाहेर, आणि पिशवी माझ्या हातात. म्हणून त्या दिवशी बारालाच दहीभात किंवा इडली असं काहीतरी हलकं खा, उलटीची गोळी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्या, ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, कारण सगळ्यात जास्त उडतं ते मागच्या सीटवर. ड्रायव्हरला हिंदी कळतं, "भाई, धीरे" बिनधास्त म्हणायचं.

प्रेग्नंट बाई, कंबरेचं किंवा मानेचं दुखणं, हार्टचा त्रास, यांनी बॅशिंग करूच नये. बुकिंग करतानाच सांगितलं तर रात्रीचं जेवण आणि शो जिथे असतो त्या कॅम्पला थेट सोडणारी गाडी मिळू शकते. आणि तेव्हाच विचारून घ्या: गाडी शेअरिंग की फक्त आपली, व्हेजचा काउंटर वेगळा का, जैन हवं असेल तर तसं, आणि आजीला बसायला खुर्ची मिळेल का, कारण कॅम्पमध्ये गाद्या-लोड टाकून पंगतीसारखी खालची बैठक असते आणि गुडघेवाल्यांचे हाल होतात.

वाळूत शिरायच्या आधी गाडी थांबवून टायरची हवा निम्मी करतात, घाबरू नका, पंक्चर नाही. टायर पसरट झाला की वजन जास्त जागेवर पडतं आणि चाक रुतत नाही. हवा निघेपर्यंत शेजारच्या दुकानात तुमच्या डोक्याला फडकं बांधून देतात आणि मग भाव सांगतात. दादरच्या फुटपाथवरची ओढणी घरून न्या, फोटोत कोणाला कळतंय! बहिरी ससाणा हातावर ठेवून फोटो, वाळूत चालवायची चारचाकी क्वाड बाईक, यांचेही बहुतेक ठिकाणी वेगळे दिरहम, आधी विचारा.

सीझन नोव्हेंबर ते मार्च. मे महिन्यात पॅकेज स्वस्त दिसतं ते का, हे तिकडे उतरल्यावर कळतं. डिसेंबरात सूर्य साडेपाचलाच बुडतो आणि मग चांगलीच थंडी वाजते, शाल ठेवा. लाहबाब या वाळवंटी भागाची वाळू लाल, लोहामुळे, फोटो घ्यायचे ते सूर्य बुडायच्या आधीच, नंतर सगळं काळपट येतं. दिवाळीत जाणार असाल तर फराळात अनारसे नकोत, खसखस तिथे बंदी असलेल्या यादीत आहे, गंमत नाही ही.

कॅम्पवर कहवा (अरबी कॉफी) आणि खजूर देतात, मेंदी असते, उंटाची फेरी असते, जुहूच्या घोड्यासारखी, बसलो न बसलो तोवर संपते. उंट आधी मागचे पाय उचलतो म्हणून उठताना मागे रेला, नाहीतर तोंडावर. जेवण बुफे, हुमूस (काबुली चण्याची चटणी), खुबूस (अरबी रोटी), शेगडीवरचं चिकन-कबाब, व्हेजवाल्यांना डाळ-भात-भाजी. रांग लागायच्या आधीच उठा. जागा स्टेजच्या समोर पण स्पीकरपासून लांब बघा, आणि शेगडीचा धूर कुठे जातोय तेही.

शोमध्ये मला आवडला तो तनूरा. मूळचा इजिप्तचा, माणूस घेरदार रंगीत घागरा घालून गोल गोल फिरत राहतो, मग तोच घागरा सोडवून डोक्यावर छत्रीसारखा फिरवतो, आपल्यालाच बघून चक्कर येते. आगीचे खेळ मुलांना आवडतात. बेली डान्स पण असतो, सासूबाई नको नको म्हणत सगळा बघतात. रमजानात मात्र नाच-गाणं बंद असू शकतं, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा तारखा बघूनच तिकीट काढा.

हॉटेलवर परत यायला साडेनऊ होतात, म्हणजे आपले अकरा, मुलं गाडीतच झोपलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठची अबुधाबी टूर घेऊ नका. आम्ही घेतली होती, सासूबाई मशिदीच्या अंगणात टेकल्या त्या निघायची वेळ झाली तरी उठायचं नाव घेईनात.