पिल्लाला काय घालायचं: दूध-भाकरी, चिकन की पाकिटातलं?

कुत्र्याचं पिल्लू आणायला जाल तेव्हा कान-शेपूट बघून झालं की आधीच्या मालकाला तीन गोष्टी विचारा: सध्या काय खातंय, दिवसातून किती वेळा, आणि जंताचं औषध शेवटचं कधी दिलं. जमलं तर तेच खाद्य अर्धा किलो सोबत मागून घ्या. आईपासून तुटलेलं आठ आठवड्यांचं पिल्लू आधीच बावरलेलं असतं, त्यात त्याच दिवशी खाणंही बदललं की दुसऱ्या दिवशी फरशी पुसायची तयारी ठेवायची. पहिले तीन-चार दिवस जुनंच घाला. मग दोन दिवस पाव हिस्सा नवं, पुढचे दोन-तीन दिवस निम्मं, नंतर पाऊण, असं करत आठवडा-दहा दिवसांत पूर्ण नवं. मध्येच शी पातळ झाली तर एक पायरी मागे या.

आता दूध-भाकरी. सातारा-सांगलीकडे "आमची कुत्री यावरच वाढली" हे ऐकायला मिळणारच. पण ती कुत्री मोकळी असायची. उंदीर-घुशी, खाटकाकडचे तुकडे, गोठ्यात व्यालेल्या गाई-म्हशीची वार, सगळं त्यांच्या पोटात जायचं आणि भाकरी ही वरची भर असायची. विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये किंवा सदर बाजारातल्या गॅलरीत असलेल्या पिल्लाला तुम्ही घालाल तेवढंच मिळतं. ज्वारीत प्रथिनं साधारण १० टक्के. अमेरिकेतल्या ‘आफको’ संस्थेच्या मापदंडाप्रमाणे वाढत्या पिल्लाच्या खाण्यात, पाणी वगळून, किमान २२.५ टक्के लागतात. दुधाचंही तसंच. कुत्रीच्या दुधात साखर, म्हणजे लॅक्टोज, गाई-म्हशीच्या दुधापेक्षा कमी आणि प्रथिनं दुपटीहून जास्त असतात. दूध सुटल्यावर लॅक्टोज पचवायची ताकदही कमी होत जाते. म्हणून वाटीभर दूध प्यायलं की पोट बिघडतं. चमचाभर ताजं दही बहुतेकांना चालतं.

दुसरं टोक म्हणजे नुसतं उकडलेलं चिकन. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. रक्तातलं कॅल्शियम सावरायला शरीर ते हाडांतून ओढतं. मग पुढचे पाय वाकतात, पंजे पसरतात, पिल्लू लंगडायला लागतं आणि साध्या उडीनेही हाड मोडू शकतं. हे दिसलं की लोक मेडिकलमधून कॅल्शियमची बाटली आणतात आणि ज्यांचं काहीच बिघडलेलं नाही तेही पाकिटातल्या खाद्यावर ती ओततात. मोठ्या जातीच्या पिल्लाला हे फार महागात पडतं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्या लहान पिल्लांना आतड्यातून शोषलं जाणारं जादा कॅल्शियम नीट रोखता येत नाही, त्यातून हाडं आणि सांधे वेडेवाकडे वाढतात. पूर्ण खाद्य घालत असाल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बाटली नको.

पाकीट घेताना पुढचा फोटो सोडा, ते उलटं करा. ‘पपी’, ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ आणि ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असं छापलेलं हवं. ‘अॅडल्ट’ स्वस्त पडतं म्हणून उचलू नका. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं म्हणजे तोंडीलावणं, जेवण नव्हे. सुक्या दाण्यांत क्रूड प्रोटीन, म्हणजे एकूण प्रथिनं, २४ टक्क्यांच्या वर असेल तर ठीक. मोठी जात असेल तर ‘लार्ज ब्रीड पपी’च घ्या. त्यात पाणी वगळून कॅल्शियम १.२ ते १.८ टक्क्यांत असावं. ओल्या पाऊचवर प्रोटीन ८ टक्के दिसलं म्हणून नाक मुरडू नका: ओलावा ८२ टक्के असेल तर कोरडा भाग १८, आणि ८ ला १८ ने भागलं की ४४ टक्के येतात. सुक्या आणि ओल्याची तुलना अशीच करायची, आकडे सरळ समोरासमोर ठेवून नाही.

उघड्या पोत्यातून किलोवर मिळणारे सुटे दाणे टाळा. त्यांची तारीख कळत नाही, चरबी हवेने खवट होते, आणि पावसाळ्यात सातारा-महाबळेश्वर पट्ट्यातल्या दमटपणात बुरशी धरते. घरी पाकीट तसंच दुमडून कोरड्या डब्यात ठेवा. महिन्याभरात संपेल एवढंच आणा.

मापाला वाटी नको, स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. ३ किलोच्या, चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला दिवसाला साधारण ४८० कॅलरी लागतात. १०० ग्रॅममध्ये ३७० कॅलरी देणारे दाणे असतील तर झाले १३० ग्रॅम. तीन महिन्यांपर्यंत त्याचे चार भाग, म्हणजे एका वेळी बत्तीस-तेहेतीस ग्रॅम. मग सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. लहान पिल्लाचे दाणे कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, दुधात नाही. वीस मिनिटांत संपलं नाही तर उचला, एप्रिलच्या उन्हाळ्यात भिजलेलं खाणं लवकर आंबतं.

दर आठवड्याला पिल्लू कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. हाताला बरगड्या सहज लागाव्यात, वरून बघताना कंबर दिसावी. जत-आटपाडीकडच्या कारवानी जातीचं कुत्रं मात्र अंगानेच सडपातळ. त्याच्या शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसल्या म्हणून भरवत सुटू नका.

घरातलं उकडलेलं अंडं, चिकन, गाजर दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या हिश्शापर्यंत ठीक. पूर्ण घरचंच घालायचं असेल तर मोजमाप पशुवैद्यकाकडून लिहून घ्या, अंदाजपंचे नको. आख्खा मसूर उरला म्हणून पिल्लापुढे ओतला, तर त्यात कांदा-लसूण आहे, त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात. आणि आपल्या भागाचा खास धोका म्हणजे द्राक्षं आणि बेदाणा. तासगाव पट्ट्यात घरोघरी बेदाणे असतात, चार खाली पडले की पिल्लू उचलतं, आणि त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. म्हणून खाल्लं असं दिसलं की लक्षणांची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

नव्या खाण्याने शी एखाद-दोन दिवस सैल होते, पण पिल्लू खेळतं आणि खातं. उलट्या, रक्ताची घाण वास येणारी हगवण, कोपऱ्यात मान टाकून पडणं हे खाण्यामुळे नव्हे, पार्वो हा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो. तेव्हा ताक-भात करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. पोट सुटलेलं आणि अंग वाळलेलं असेल तर खाद्य बदलण्याआधी जंत तपासा. गुंतागुंतीच्या केसला सातारा जिल्ह्यात शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

लहान जातीचं पिल्लू नऊ-बारा महिन्यांनी मोठ्यांच्या खाद्यावर आणा, मोठ्या जातीचं बारा ते अठरा महिन्यांनी. तेव्हाही पाव, निम्मं, पाऊण असंच.